पूल, पीएच आणि काका

‘बंगला, नारळाची वाडी, समोर स्विमिंग पूल, आणि दीड महिना कोणी बॉस नाही’ एवढंच मी मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं होतं. पाच मिनिटांत जळफळाटाचे सगळे इमोजी येऊन पडले. एकीने तर थेट विचारलं, ‘कोणत्या वीकेण्डला येऊ?’ खरं तर मी फ्रीलान्सर. बॉस नाही हे बाराही महिने खरंच असतं, फक्त त्याबरोबर पगारही नसतो, हे कोणी ग्रुपवर टाकत नाही.

फोटो मात्र मी टाकला नव्हता. कारण पूल हिरवा होता. म्हणजे जाहिरातीतला निळसर हिरवा नाही. पालकाची पातळ भाजी असते ना, तसा.

बंगला माझ्या मावशीचा. अलिबागच्या पुढे, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. तिचे यजमान, म्हणजे माझे काका, २०२५ च्या मार्चमध्ये अचानक गेले. रात्री जेवले, झोपले, पहाटे उठलेच नाहीत. ‘काही म्हणजे काही त्रास नव्हता, आदल्या दिवशी पुलावर जाळी मारली होती,’ हे वाक्य मावशीने भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. आणि भेटायला आलेल्यांपैकी निदान चौघांनी तिला तोंडावर विचारलं, ‘तुला काहीच कसं जाणवलं नाही गं?’ आपल्याकडे समाचाराला येणाऱ्यांचा हा खास फंडा असतो. चहा घेता घेता टाचणी टोचायची.

म्हणून १२ एप्रिलला मी बॅग भरून मांडव्याच्या बोटीत बसले. मावशीला सोबत, मला निवांतपणा. शिवाय ३ मेला माझी मावसबहीण तिच्या सात वर्षांच्या लेकीला घेऊन बंगळुरूहून येणार होती. भाचीला आजोबांनी मागच्या मेमध्ये पोहायला शिकवलं होतं. फोनवर ती रोज एकच विचारायची, ‘मावशी, हौद रेडी आहे का?’

हो, हौद. काकांनी त्याला कधीच स्विमिंग पूल म्हटलं नाही. ते पाठीला भोपळा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकलेले. पुढे आयुष्यभर कारखान्यांत प्रोसेस इंजिनीअर म्हणून काम केलं आणि रिटायर झाल्यावर २०१६ मध्ये हा आठ मीटर बाय चार मीटरचा ‘हौद’ बांधून घेतला. त्याचं सगळं ते स्वतः बघायचे. जाळी, पंप, फिल्टर, केमिकल, सगळं. वाडीचं बघणाऱ्या तात्यांनासुद्धा फक्त पानं काढायची परवानगी.

आता ते खातं माझ्याकडे आलं. मी मास कॉमची. दोन वर्षांत कॅमेरा अँगलपासून मार्शल मॅक्लुहानपर्यंत सगळं शिकवलं, पण पाणी हिरवं झालं तर काय करायचं हे सिलॅबसमध्ये नव्हतं. मग जे आपण सगळे करतो तेच केलं. दोन व्हिडिओ बघितले, तालुक्याच्या दुकानात फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, ‘मॅडम, शॉक द्या. हायपो टाका भरपूर आणि थोडं ॲसिड.’ किती? ‘अंदाजाने.’

पंपाच्या खोलीत दोन्ही सापडलं. हायपोचा, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचा, निळा पस्तीस लिटरचा कॅन, अर्धा भरलेला. ॲसिडचा छोटा कॅन. कोपऱ्यात पांढऱ्या मोठ्या गोळ्यांची बादली. मी कॅन तिरका करून एका बादलीत हायपो ओतलं. आणि मग, फेऱ्या वाचतील म्हणून, त्याच बादलीत ॲसिड ओतलं.

मॅगी करतानासुद्धा पाकिटावरचं वाचणारी मी. ते कॅन मात्र वाचले नव्हते.

बादलीतून फसफस आवाज आला आणि पिवळट हिरवी वाफ वर आली. एक श्वास गेला आत. एकच. नाकातून घशापर्यंत कोणी तरी सुरी ओढल्यासारखं वाटलं. डोळे मिटले, दार कुठे ते कळेना. खोकल्याचा आवाज ऐकून तात्या धावले, मला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि वाऱ्याच्या उलट्या दिशेला नारळाखाली बसवलं. पुढचा तास मी फक्त खोकत होते. तालुक्याच्या गावी डॉक्टरांनी नेब्युलायझर लावला, रात्रभर लक्ष ठेवायला सांगितलं आणि विचारलं, ‘काय करत होता?’ मी म्हटलं, ‘पूल साफ करत होते.’ ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती अजून आठवते.

हायपोमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ ला ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने सिलिंडर उघडून जो सोडला होता, तोच वायू. तुमच्या बाथरूममध्येही हे दोघे शेजारी शेजारी असतील, एका बाटलीत ब्लीच, दुसरीत फरशीचं ॲसिड. कृपा करून त्यांची ओळख करून देऊ नका. आणि ब्लीचिंग पावडर न्‌ क्लोरीनच्या गोळ्याही एका डब्यात ठेवू नका, ते प्रकरण पेट घेऊ शकतं.

दुसऱ्या दिवशी माझा पराक्रम गावभर झाला होता. संध्याकाळी भाऊ आले. भाऊ म्हणजे गावचे जलसुरक्षक. ग्रामपंचायतीच्या टाकीत आणि विहिरींत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायची, नमुने घ्यायचे, हे त्यांचं काम. काकांशी त्यांची दोस्ती होती. त्यांनी बूट काढले, हौदाकाठी उकिडवे बसले, पाण्यात हात घातला आणि विचारलं, ‘ताई, टाकण्याआधी मोजलंत का?’

नव्हतं मोजलं.

त्यांनी खिशातून एक काचेची नळी काढली, पाणी भरलं, बाटलीतले थेंब टाकले. पाणी पिवळंधमक. ‘ही ओटी टेस्ट. गावात टीसीएल टाकल्यावर तासाभराने करतो. तिथे फिकट पिवळं आलं तरी आमचं काम झालं. तुमच्याकडे तर हळदच झाली.’ म्हणजे क्लोरीन कमी पडल्यामुळे पाणी हिरवं झालेलं नव्हतं. क्लोरीन होतंच, रगड होतं. तात्या इमानेइतबारे आठवड्याला दोन गोळ्या टाकत होते, ‘काका टाकायचे तशा’.

‘मग शेवाळ का आलं?’

भाऊ म्हणाले, ‘हजेरी लागलीय, काम चालू नाही.’

आपल्यापैकी प्रत्येकाच्या ऑफिसात असा एक जण असतो, त्यामुळे मला ते लगेच कळलं. सकाळी नऊला कार्ड पंच, खुर्चीवर जाकीट, आणि माणूस कुठे? पण पाण्यात हे कसं होतं, ते कळायला काकांची वही उघडावी लागली.

वही पंपाच्या खोलीतच होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत. लाल पुठ्ठ्याची, लांबट, किराणा दुकानात असते तशी. पहिल्या पानावर हौदाचं गणित. आठ गुणिले चार गुणिले सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे चाळीस घनमीटर, चाळीस हजार लिटर. खाली लिहिलेलं, ‘१ पीपीएम = ४० ग्रॅम क्लोरीन. १० टक्क्यांचं हायपो असेल तर ४०० मिली.’ बस्स. मी दोन दिवस इंटरनेटवर जे शोधत होते, ते साडेतीन ओळींत. त्याच्याखाली दोन लक्ष्यं. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.६.

पीएच का, तर त्याचं कारणही काकांनी लिहून ठेवलं होतं, बहुतेक कधी तरी भाचीला समजवायला. पाण्यात क्लोरीन पडलं की त्याचं हायपोक्लोरस आम्ल होतं, आणि जंतू मारायचं खरं काम हे आम्ल करतं. पीएच ७.५ असेल तर साधारण अर्धं क्लोरीन या कामाच्या रूपात असतं. पीएच ८ वर गेला की कामाचं उरतं पाव हिश्शाच्या आसपास. म्हणजे क्लोरीनचा आकडा तोच आणि ताकद निम्मी. आणि हॉटेलच्या पुलात गेल्यावर आपण नाक मुरडून ‘शी, केवढं क्लोरीन मारलंय’ म्हणतो ना? तो वास बहुतेकदा क्लोरीन कमी पडल्याचा असतो. घाम आणि (सॉरी) सू यांच्याशी झुंजून झालेल्या क्लोरीनचं क्लोरामाइन होतं. नाकाला झोंबतं ते, डोळे लाल करतं ते. चांगल्या पुलाला वास जवळजवळ येत नाही. हे वाचल्यापासून माझ्या जिमच्या पुलाकडे मी संशयाने बघते.

मग मी काकांच्याच किटने मोजलं. दोन छोट्या नळ्या, एकात डीपीडीची गोळी, पाणी गुलाबी झालं. मोकळं क्लोरीन ३. दुसरीत लाल थेंब, पीएच ६.८. म्हणजे पाणी आधीच आम्लधर्मी होतं. ज्या ॲसिडपायी मी डॉक्टरांकडे जाऊन आले, त्याची एका थेंबाचीही गरज नव्हती.

आता वही. रोज संध्याकाळी सहाला एक ओळ. तारीख, क्लोरीन, पीएच, काय टाकलं, पाऊस पडला का, कोण पोहलं. नऊ वर्षं. ‘१.८, ७.४, हायपो ७०० मिली.’ ‘१.१, ७.६, हायपो एक लिटर, ॲसिड १५० मिली (सकाळी, वेगळ्या मगाने).’ त्या कंसातल्या तीन शब्दांवर मी बराच वेळ बोट ठेवून बसले होते.

२०१९ च्या एका पानावर चौकटीत एक सूचना होती. ‘गोळ्या फक्त बाहेरगावी गेल्यावर. रोजच्या वापराला नाही. गोळीतलं स्टॅबिलायझर पाण्यातून जात नाही.’

याची भानगड अशी. कडक उन्हात साधं क्लोरीन टिकत नाही, काही तासांत बरंचसं उडून जातं. म्हणून पुलात सायन्युरिक ॲसिड नावाचा पदार्थ घालतात. तो क्लोरीनला धरून ठेवतो, उन्हापासून वाचवतो. ३० ते ५० पीपीएम असला की मामला बेस्ट. ट्रायक्लोरच्या गोळीत तो मुळातच असतो. दोनशे ग्रॅमची एक गोळी विरघळली की क्लोरीन येतं, वापरलं जातं, संपतं. पण सव्वाशे नाही तरी एकशे दहा ग्रॅम सायन्युरिक ॲसिड मागे राहतं. ते उडत नाही, विरत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही. पुढची गोळी, पुढचे एकशे दहा. होता होता ते इतकं होतं की क्लोरीनला सोडतच नाही. किटमध्ये आकडा छान दिसतो, आणि शेवाळ बिनधास्त वाढतं. गोळी आम्लधर्मी, म्हणून पीएचही घसरत जातो. भाऊंची हजेरी ती ही.

हे सगळं काकांना माहीत होतं. चौकट त्यांच्याच अक्षरात होती. आणि ४ नोव्हेंबर २०२४ च्या ओळीत त्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘गोळ्या २.’

मी पान उलटलं. ११ नोव्हेंबर, गोळ्या २. १८ नोव्हेंबर, गोळ्या २. हायपो हा शब्द त्या दिवसानंतर वहीत नाही. काका कुठे बाहेरगावी गेले नव्हते, दिवाळीला तर आम्ही सगळे इथेच होतो. मग काय झालं होतं?

उत्तर माझ्या पायाशीच होतं. तो निळा कॅन. मी परवा तो तिरका केला तेव्हा अर्धा असूनही माझे खांदे भरून आले होते. भरलेला पस्तीस लिटरचा कॅन म्हणजे चाळीस किलोच्या आसपास. काका तो फाटकापासून ट्रॉलीवरून आणायचे, रोज वाकून तिरका करायचे, मोजून काढायचे. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी त्यांना ते जमलं नाही. तात्यांना हाक मारता आली असती. पण हाक मारली असती तर तात्यांनी विचारलं असतं, ‘का हो, बरं नाही का?’ आणि ते मावशीला कळलं असतं.

पुढची पानं मी सावकाश वाचली. डिसेंबरपासून ‘कोण पोहलं’च्या रकान्यात काकांचं नाव नाही. आधी ते रोज वीस फेऱ्या मारायचे. जानेवारीत अक्षर बारीक झालेलं. फेब्रुवारीच्या मध्यापासून आकडे रोज तेच. २.०, ७.४. दुसऱ्या दिवशी २.०, ७.४. मग नुसती वरच्यासारखंची खूण, ओळीमागून ओळ, मार्चपर्यंत. गोळ्या पडत असताना पीएच ७.४ ला थांबूच शकत नव्हता. काका मोजतच नव्हते. नळी भरायला काठावर वाकावं लागतं.

जाळी मारली होती म्हणे आदल्या दिवशी. मी तात्यांना विचारलं. तात्या आधी गप्प बसले. मग म्हणाले, ‘मारत नव्हते. जाळी हातात धरून उभे होते. वहिनी खिडकीत होत्या ना.’

माझ्या धंद्यात याला स्टोरी म्हणतात. कागदपत्रं आहेत, साक्षीदार आहे, आकडे जुळतात. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला कळेना, की ही फाइल करायची की नाही. मावशी त्या एका वाक्यावर उभी होती. काही त्रास नव्हता. ते काढून घेतलं की त्या चार बायकांची टाचणी खरी ठरणार होती.

दहा दिवस मी गप्प राहिले. पाण्याचं मात्र गप्प राहून चालत नव्हतं. बहीण येताना मुंबईहून सायन्युरिक ॲसिडचं किट घेऊन आली. मजेशीर प्रकार असतो तो. पाण्यात औषध घातलं की ते दुधाळ होतं. नळीच्या तळाशी काळा ठिपका. वरून बघत बघत दुधाळ पाणी ओतायचं, ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. भाचीला हे काम दिलं. तिने ओतायला सुरुवात केली न केली तोच ठिपका गायब. आकडा पट्टीच्या बाहेर. मग बाटलीतलं पिण्याचं पाणी घालून नमुना निम्मा पातळ केला, तेव्हा ७५ आला. म्हणजे खरा १५०. मी वहीतल्या गोळ्या मोजल्या होत्या. तात्यांच्या धरून सेहेचाळीस. पाच किलो सायन्युरिक ॲसिड. ऑक्टोबरमध्ये काकांनी मोजलेला आकडा ४० होता. हिशेब जवळजवळ चोख बसला. मला तो बसायला नको होता.

‘मग औषध टाक ना,’ भाची म्हणाली.

औषध नव्हतं. पाणी बदलणं हाच उपाय. दीडशेवरून चाळीसवर यायचं तर जवळपास एकोणतीस हजार लिटर काढून नवं भरायचं. तीन टँकर. बहीण म्हणाली, ‘मागवू, मी पैसे देते.’ मावशी तोवर ऐकत होती. ती म्हणाली, ‘मे महिन्यात? गावात एक दिवसाआड नळ येतो. बाया हंडे घेऊन उभ्या आणि माझ्या दारात तीन टँकर, ते पण पोहायला? ह्यांनी मला घरात घेतलं नसतं.’ विषय संपला. भाचीने भोकाड पसरलं. संध्याकाळी तिला समुद्रावर नेलं आणि रात्री अलिबागचा पांढरा कांदा घालून केलेली भजी खायला घातली, तेव्हा कुठे तह झाला.

त्याच रात्री, सगळे झोपल्यावर, मावशी हौदाकाठी येऊन बसली. पंप चालू होता. तो रोज चालवायचा अशी भाऊंची ताकीद होती, साचलेलं हिरवं पाणी म्हणजे डासांना आमंत्रण. ती म्हणाली, ‘तू ती वही सारखी वाचतेस. काय आहे त्यात?’

सांगितलं. कॅनचं, गोळ्यांचं, खुणांचं. जाळीचं नाही सांगितलं.

ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘जानेवारीपासून हे दोन उशा घेऊन झोपायचे. मी म्हटलं, मान दुखत असेल.’ थोड्या वेळाने, ‘गोळ्यांचा डबा आणला तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, एकदाचे सोपं करून घेतायत.’ आणि मग एकदम चिडून, मी तिला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं, ‘अरे, एक हाक मारली असती तर तो मेला कॅन मी उचलला नसता? दोघांनी धरला असता!’

मी काही बोलले नाही. मास कॉममध्ये मुलाखत कशी घ्यायची ते शिकवतात. पुढचा प्रश्न माझ्याकडे नव्हता.

पुढचं काम भाऊंनी आखून दिलं. गोळ्या बंद. ओटी टेस्टमध्ये पिवळं दिसेनासं होईपर्यंत थांबायचं, मग पाणी अर्धं उपसून मागच्या कातळावर सोडायचं, झाडांना नाही. पूर्ण रिकामा मात्र करायचा नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं आणि रिकामा हौद होडीसारखा उचलला जातो, तडकतो. बाकी अर्धा पावसाने भरू दे. ‘जूनचा दुसरा आठवडा धरा,’ ते म्हणाले.

२०२५ चा मे आठवतोय ना? ऑफिसला जाताना तुमचेही बूट भिजले असतील. त्या वर्षी मान्सूनने कोणाचंच ऐकलं नाही, २६ मेला तो मुंबईत हजर. आमचं उपसून होतं न होतं तोच इथे धो धो सुरू झालं. पहिल्या सरींत कौलं धुऊन निघाली की तात्यांनी पन्हाळीचा पाइप हौदाकडे वळवला. भाची डोक्यावर टॉवेल घेऊन दर तासाला पायऱ्या मोजायला जायची. बंगळुरूला परत जाईपर्यंत एक पायरी बुडाली होती. ‘आजोबांचा हौद ढगांनी भरला,’ असं तिने शाळेत सांगितलं म्हणे, आणि कोणीही विश्वास ठेवला नाही.

जुलैत मी परत गेले. गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंद, म्हणून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने. हौद काठोकाठ भरून वाहत होता. ठिपक्याची टेस्ट केली, ४५. पाणी अजून स्वच्छ निळं नव्हतं, पण तळाची पायरी दिसत होती. पंपाच्या खोलीत नवा कॅन होता, पाच लिटरचा. असे पाच-पाच लिटरचे कॅन मिळतात, हे आमच्यापैकी कोणाला माहीतच नव्हतं. मावशीने दुकानदाराला विचारलं आणि त्याने दिले, इतकं साधं. ॲसिड आता वेगळ्या खोलीत असतं, लाल मगासकट.

सहा वाजले तशी मावशी चष्मा पुसत आली. काठावर बसली, नळी बुडवून भरली, डीपीडीची गोळी टाकली, झाकण लावून हलवली. मग पांढऱ्या कागदासमोर धरून मला म्हणाली, ‘बघ गं, दीड म्हणू की दोन?’

मला दीड वाटलं. तिला दोन. तिने वही उघडली, काकांच्या खुणांच्या खाली, आठवडाभराच्या तिच्या स्वतःच्या ओळींनंतर, तारीख घातली, आणि ‘१.५ किंवा २’ असं लिहिलं.